छ ७ सफर

आमच्या घराण्यात दोन गोष्टी पिढीजात चालत आल्या आहेत. एक मधुमेह आणि दुसरं नारळाचं भांडण. पहिल्यावर गोळ्या मिळतात. दुसऱ्यावर इलाज शोधायला मी निघालो, त्याची ही हकिकत.

आमचं गाव दापोली तालुक्यात. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर येऊन टेकली की पहिला नारळ खोतांना द्यायचा, अशी चाल. खोत म्हणजे आम्ही. पण ‘आम्ही’ म्हणजे कोण, इथे घोडं पेंड खातं. थोरल्या पातीचा मूळ पुरुष बाळाजी, धाकट्या पातीचा विसाजी. दोघे सख्खे भाऊ. नारळाचा मान सरकारातून मिळाला तो बाळाजीला, असं आम्ही थोरल्या पातीचे म्हणतो. धाकट्या पातीचं म्हणणं काय असेल ते सांगायला नकोच.

१९६८ सालच्या शिमग्यात माझ्या वडलांनी आणि वसंताच्या वडलांनी एकाच क्षणी एकाच नारळाला हात घातला. नारळ गोल असल्यामुळे दोघांनाही नीट धरता आला नाही. तो गडगडत गेला आणि गुरवाच्या पायाशी थांबला. निकाल लागेपर्यंत नारळ गुरवाकडेच राहावा, असं तिथल्या तिथे गावानं ठरवलं. तेव्हापासून गुरवांच्या तीन पिढ्या आमच्या निकालाची वाट पाहत दर शिमग्याला सोलकढी पीत आल्या आहेत.

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. वसंताही दहाचाच. त्या दिवशी सकाळी त्याची बेचकी माझ्या खिशात होती आणि माझा भोवरा त्याच्या. संध्याकाळी दोन्ही घरांतून हुकूम सुटला, की पुन्हा त्यांच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही. बेचकी माझ्याकडेच राहिली.

पुरावा म्हणाल तर आहे. देवघरात पत्र्याच्या नळीत गुंडाळलेला, भाऊकाकांनी शहाऐंशी वर्षं जपलेला कागद. (पहिली काही वर्षं त्यांच्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी जपला असणार, पण हे त्यांना सांगण्याची सोय नाही.) कागद मोडीत, पेशवाईतला, तालुके सुवर्णदुर्ग असा उल्लेख असलेला. नाव मात्र वाचता येत नाही, कारण नेमक्या त्या जागी कसरीनं भोक पाडलंय. उरलंय ते फक्त ‘...जी खोत’. बाळाजीही ‘जी’ आणि विसाजीही ‘जी’. अख्ख्या कागदावर एवढी जागा मोकळी असताना त्या किड्याला हीच दोन-तीन अक्षरं गोड का लागावीत?

पण कुलवृत्तांतात एक गोष्ट पक्की दिलेली आहे. बाळाजी वारले शके १६८९ मध्ये, म्हणजे इसवी सन १७६७-६८. कागद त्याआधीचा असेल तर मान थोरल्या पातीचा, नंतरचा असेल तर धाकट्या. सगळं भांडण एका तारखेवर आलं होतं आणि ती तारीख कागदावर स्पष्ट होती. फक्त ती कुणाला कळत नव्हती.

मोडीचं काम फारच सोपं झालं. माझ्या भाचीची एक मैत्रीण हौसेनं मोडी वाचते. मोबाइलवर फोटो पाठवला, तासाभरात देवनागरीत उतारा आला. मजकूर साधा होता. शिमग्याच्या पालखीचा नारळ मामूलप्रमाणे ...जी खोत यांस देत जाणे, शिमगा समीप आहे, कुसूर न करणे. आणि तारीख अशी: ‘सु॥ सबा सबैन मया व अलफ, छ ७ सफर.’

“अर्थ तुम्ही लावा काका, माझी परीक्षा आहे,” असं तिनं खाली लिहिलं होतं.

मी अर्थ लावायला बसलो. विमा कंपनीत अडतीस वर्षं लोकांच्या जन्मतारखा तपासण्यात गेली होती. एका तारखेला भ्यायचं मला कारण नव्हतं. पहिल्यांदा तो सगळा मजकूर एका भाषांतर करणाऱ्या यंत्राला घातला. त्यातून माया आणि अल्फा अशा दोन बायका बाहेर आल्या. मग उर्दूच्या ‘रेख्ता’ या संकेतस्थळावर गेलो. ही मात्र फार सुंदर जागा आहे. गझल देवनागरीतही वाचता येते आणि कुठल्याही शब्दावर बोट ठेवलं की त्याचा अर्थ समोर येतो. ‘सबा’वर बोट ठेवलं. पहाटेची झुळूक! ‘सफर’वर ठेवलं. प्रवास! ‘छ’ म्हणजे हिंदीत सहा. एकूण वाक्य असं झालं, की पहाटेच्या झुळकीत सहा-सात प्रवास.

“येऊन-जाऊन धरले असतील,” आमची ही म्हणाली. “कोकणातून पुण्याला यायचं म्हणजे काय खाऊ आहे?”

हे तारखेचं वाक्य असून त्यात कुणी कुठे गेलेलं नाही, हे कळायला मला शिकागोला जावं लागलं. म्हणजे खुर्चीतूनच. शिकागो विद्यापीठानं दक्षिण आशियातल्या भाषांचे जुने कोश संगणकावर चढवून सगळ्या जगाला फुकट वाचायला ठेवलेत. त्यात १८५७ सालचा आपला मोल्सवर्थ आहे आणि १८९२ सालचा स्टाइनगासचा फार्सी कोशही आहे. मोल्सवर्थ माझ्या वडलांना हवा होता. रद्दीच्या दुकानात एकदा त्याची किंमत ऐकून ते नुसता वास घेऊन परत आले होते. आता तो मध्यरात्री, चहाचा कप शेजारी ठेवून, एकही पान न उलटता वाचता येतो.

स्टाइनगासनं माझे डोळे उघडले. आपल्याकडे दंत्य ‘स’ एकच. अरबीत त्याला तीन दावेदार: सीन, साद आणि से. आपण तिघांनाही एकाच टोपीखाली बसवतो आणि मग झुळूक कुठली नि सात कुठले, हे ओळखू येत नाही. एका ‘स’चा सफर म्हणजे प्रवास, दुसऱ्या ‘स’चा सफर म्हणजे मुसलमानी वर्षाचा दुसरा महिना. सबा म्हणजे सात. सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. पेशव्यांचा कारकून आकडा उलट्या टोकाकडून, अरबीत, अक्षरी लिहीत होता: सात, सत्तर, शंभर नि हजार. अकराशे सत्त्याहत्तर! आणि ‘छ’ म्हणजे सहा नव्हे, चंद्र. सफर महिन्याची चंद्राप्रमाणे सातवी तारीख.

इथपर्यंत यायला मला तीन आठवडे लागले. त्यातला एक आठवडा फार्सी कळफलक मोबाइलवर बसवण्यात गेला. त्यात अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात आणि खोडायला गेलं की भलतंच अक्षर खोडलं जातं. दुसरा आठवडा रस्ता चुकण्यात गेला. कतारच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ब्रिटिश लायब्ररीबरोबर २०१४ साली एक दफ्तर जगाला खुलं केलंय. इराणी आखातातल्या इंग्रज अधिकाऱ्यांची हजारो पानं त्यात जशीच्या तशी दिसतात. बुशहरचा रेसिडेंट १८७३ सालापर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता, हे मला तिथे समजलं. त्यानंतर रात्री दोन वाजेपर्यंत मी त्याचा मुंबईशी चाललेला पत्रव्यवहार वाचत बसलो. नारळाचा त्यात कुठेही उल्लेख नाही. पण वरिष्ठांना पत्र लिहितानाचा तो सूर मला आमच्या विभागीय कार्यालयाच्या फायलींतून चांगलाच ओळखीचा होता.

तिसरा आठवडा मोल्सवर्थनं खाल्ला. तो शब्दापुढे कंसात एकेक अक्षर घालून शब्द कुठून आला ते सांगतो. ते पाहायला लागल्यावर मला घरात वावरणं कठीण झालं. मी ज्या खुर्चीवर बसलो होतो ती अरबी. दरवाजा फार्सी. हिशेब अरबी, वकील अरबी, तारीख अरबी. ज्यांच्या नावानं आम्ही मिशीला पीळ देतो तो ‘पेशवा’ हा शब्द फार्सी. १९२५ साली फार्शी-मराठी कोश करणारे माधव जूलियन पुढे भाषाशुद्धीचे कैवारी झाले, याचं मला पूर्वी नवल वाटे. आता वाटतं, माणूस इतके शब्द मोजून थकला असेल.

“‘अक्कल’सुद्धा अरबी आहे,” मी हिला म्हटलं.

“तरीच,” ती म्हणाली, “अजून इथवर पोचली नाही.”

तर अकराशे सत्त्याहत्तर. पुढचं काम चुटकीसरशी झालं. हिजरी तारीख इंग्रजीत बदलून देणारी यंत्रं इंटरनेटवर पैशाला पासरी आहेत. एकात ७ सफर ११७७ घातलं आणि कळ दाबली. यंत्रानं क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं: १७ ऑगस्ट १७६३, बुधवार.

वारासकट! ज्या यंत्राला वारसुद्धा ठाऊक आहे, त्याच्यावर अविश्वास कोण दाखवील? बाळाजी १७६३ साली धडधाकट जिवंत. म्हणजे नारळ आमचा. पण मी तेवढ्यावर थांबलो असतो तर पुढची नामुष्की टळली असती. १७६३ सालचा ऑगस्ट म्हटल्यावर काहीतरी आठवायला लागलं. पुस्तक काढून पाहिलं तर काय! १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाला राक्षसभुवनावर, गोदावरीकाठी, धूळ चारली. आणि बरोबर सातव्या दिवशी आमच्या बाळाजीला मान! हा निव्वळ योगायोग असू शकेल का? माझ्या डोळ्यांपुढे बाळाजी घोडा फेकत गोदावरीत शिरले. दापोली तालुक्यातल्या खोताला घोड्यावर बसता येत होतं की नाही, हा प्रश्न त्या रात्री मला पडला नाही.

मी कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवर लेख टाकला, ‘राक्षसभुवनाचा विस्मृत वीर’. ग्रुपवर फक्त थोरली पातीच आहे, त्यामुळे प्रतिसाद उत्तम आला. न्यू जर्सीच्या भाच्यानं त्याच्या मुलाला शाळेत हा विषय प्रकल्पाला दिल्याचं कळवलं. भाऊकाकांनी फोनवर मला ‘इतिहासाचार्य’ म्हटलं. पुतण्यानं शिमग्यासाठी फ्लेक्सही करून टाकला. त्यावर घोड्यावर बसलेले बाळाजी होते. बाळाजींचा फोटो उपलब्ध नसल्यामुळे त्याने माझा वापरला होता.

फ्लेक्सचा नमुना मी हिला दाखवला. तिने चष्मा लावून तो पाहिला, मग शेजारी पडलेला उतारा उचलून वाचला आणि विचारलं, “ऑगस्टात शिमगा कसा?”

“म्हणजे?”

“‘शिमगा समीप आहे’ असं लिहिलंय. शिमगा फाल्गुनात. ऑगस्टात श्रावण-भाद्रपद. गणपतीच्या सुमाराला कुणी शिमग्याच्या पालखीची घाई करील का?”

सरकारी काम असल्यामुळे हुकूम सहा महिने आधी सुटला असेल, असं मी म्हटलं. सरकारी काम सहा महिने आधी झाल्याचं एक तरी उदाहरण दे, असं ती म्हणाली आणि भाजी चिरायला गेली.

त्या रात्री मी पुन्हा बसलो. यंत्राला पुन्हा विचारलं. ते पुन्हा बुधवारच म्हणालं. मग माझं लक्ष त्या ‘सु॥’कडे गेलं. आतापर्यंत मी त्याचा अर्थ ‘सुमारे’ असा लावला होता. पण जो कारकून दिवसासकट तारीख देतो, तो ‘सुमारे’ कशाला लिहील? शोधता शोधता एक जुनं इंग्रजी पुस्तक हाती लागलं, ‘इंडियन कॅलेंडर’, लंडन, १८९६. कुणीतरी त्याचं पान न् पान छायाचित्रित करून इंटरनेटवर ठेवलंय. त्यात सगळा खुलासा होता. सु॥ म्हणजे सुहूर सन. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र. ते सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून ऋतूंतून मागे मागे सरकत जातं. पण पीक काही चंद्र पाहून येत नाही आणि सारा पिकावर. त्यावर दख्खनेत तोड निघाली. १३४४ साली, म्हणजे हिजरी ७४५ मध्ये, आकडा तोच ठेवून वर्ष सूर्याच्या खुंटीला बांधलं. मृग लागला की नवीन साल. महिने मात्र मुसलमानी, चंद्राचेच. मराठ्यांनी तो सन तसाच उचलला आणि शेवटपर्यंत चालवला. त्यात ५९९ मिळवले की मृगाच्या दिवशीचा इसवी सन मिळतो.

११७७ अधिक ५९९. मी बेरीज तीनदा केली. १७७६ चा मृग ते १७७७ चा मृग. त्यात सफरची सातवी येते ती मार्च १७७७ मध्ये. मार्च! ऐन शिमग्याचे दिवस. यंत्र खोटं बोललं नव्हतं. मी त्याला हिजरी विचारलं, त्यानं हिजरी सांगितलं. तू विचारतोयस तो सन बरोबर आहे ना, असं यंत्र विचारत नाही. बायको विचारते.

मार्च १७७७ मध्ये बाळाजींना जाऊन नऊ वर्षं झाली होती. निजाम नाही, गोदावरी नाही, घोडा नाही. गादीवर सवाई माधवराव. त्यांचा जन्म एप्रिल १७७४ चा. ज्यांच्या नावानं आमचा हा नारळ सुटला, त्या श्रीमंतांना तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. आणि नारळ विसाजीचा.

पण मला झोप लागली नाही ती दुसऱ्याच कारणानं. त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर दोन लेखक आहेत. एक रॉबर्ट स्यूएल नावाचे साहेब. दुसरे शंकर बाळकृष्ण दीक्षित. पेशानं शिक्षक, भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिणारे, जन्म मुक्काम मुरूड, तालुका दापोली! शिकागो झालं, कतार झालं, बुशहरच्या रेसिडेंटाची पत्रं वाचून झाली आणि उत्तर देणारा माणूस निघाला आमच्या गावापासून सायकलवर जाण्याच्या अंतरावरचा. वसंता नि मी एकदा त्याच मुरूडला पळून गेलो होतो, समुद्र पाहायला. एकाच सायकलवर.

सकाळी भाऊकाकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“यंत्र काय म्हणतंय?”

“सतराशे त्रेसष्ट. पण काका, यंत्राला सुहूर...”

“मग झालं तर. एवढं शिकलेलं यंत्र. तू कशाला मध्ये पडतोस?”

“काका, पण शिमगा ऑगस्टात येत नाही.”

“त्या वेळी येत असेल,” असं म्हणून काकांनी फोन ठेवला. ‘इतिहासाचार्य’ म्हणाले नाहीत.

मी ग्रुपवर लिहायला घेतलं. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार होतं? वसंताकडे कागद नव्हता, संगणक नव्हता आणि सुहूर सन तपासण्याइतका वेळ कुठल्या आंबेवाल्याला असतो? अडतीस वर्षांच्या नोकरीत खोटी जन्मतारीख घालून पॉलिसी काढणारी किती माणसं मी पकडली होती, ती सगळी त्या दुपारी ओळीनं आठवली. शेवटी गुरवाकडून वसंताचा नंबर घेतला. गुरवाने तो देताना “कशाला हवाय?” असं दोनदा विचारलं.

“कोण?” पलीकडून आवाज आला. आवाज हुबेहूब त्याच्या वडलांचा.

“मी. पुण्याचा.”

बराच वेळ काही नाही. मग हलक्या आवाजात, “कोण गेलं?”

“कुणी नाही रे. बाळाजी गेले. शके सोळाशे एकोणनव्वदात.”

मी त्याला सगळं सांगितलं. झुळूक, सफर, हिजरी, दीक्षित. तो मध्ये एकदाही बोलला नाही. मृगाला वर्ष बदलतं म्हटल्यावर मात्र म्हणाला, “मग बरोबरच आहे. आमचं अजून मृगालाच बदलतं.”

“नारळ तुझा आहे वसंता.”

“हूं.” पुन्हा थोडा वेळ गेला. मागे कुठेतरी कोंबडी ओरडत होती. “ती बेचकी आहे का रे तुझ्याकडे? पेरूच्या फांदीची होती. तसली फांदी पुन्हा मिळाली नाही.”

मी “आहे” म्हणून बसलो. सध्या माळ्यावर चढलो आहे. दोन ट्रंका झाल्या, तिसरी चालू आहे. ही खाली शिडी धरून उभी आहे आणि विचारते आहे, की एवढे दिवस अमेरिकेत शोधत होतात, घरात का शोधलं नाहीत. फ्लेक्स रद्द करायला पुतण्याला सांगितलंय. छापणारा आगाऊ पैसे परत देत नाही. तेवढा घोडा ठेवून माझ्याऐवजी विसाजींचा फोटो घालू का, असं पुतण्या विचारतोय.

आत्ताच गुरवाचा फोन येऊन गेला. गावात बातमी पोचलेली दिसते.

“ठरलं म्हणे?” त्याचा आवाज पडलेला होता.

“ठरलं. धाकटी पाती.”

“बरं झालं. चांगलं झालं.” थोडा थांबला. “नाही, पण एक विचारायचं होतं. आमचा नातू मोबाइलवर बघून सांगतोय, की फसली म्हणून आणखी एक सन असतो. त्याच्यात पाचशे नव्वद मिळवायचे. तो धरला तर सतराशे सदुसष्ट येतात. म्हणजे बाळाजी गेले तेच साल की हो! आधी गेले की नारळ आधी, काय सांगता येतंय? तेवढं एकदा बघून घ्या. घाई नाही. सावकाशीनं बघा.”